खालच्या नळाचा स्टॉप

लिफ्टचं दार उघडलं की सावकाशकाका आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, आणि मगच पाऊल बाहेर टाकतात. नवव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये समोरून ट्रक येणार नाही, हे त्यांनाही कळतं. पण ज्या माणसाने उभी हयात स्टेअरिंगमागे काढली, त्याच्या मानेला ते कोण समजावणार?

'सावकाश' हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका अंडीवालीने दिलेलं. काका काचेच्या कारखान्याची बस चालवायचे. स्टेशनावरून निघायचं, पूल ओलांडायचा, बाजार, मग शाळा, मग चढ चढून क्वार्टर्सच्या समोरून थेट कारखान्याच्या गेटापाशी. बस कामगारांसाठी होती, पण जागा असली की गावातलंही कुणी चढायचं. ही अंडीवाली दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसायची नाही. टोपली मांडीवर घेऊन खुशाल डुलकी काढायची आणि उतरताना म्हणायची, "सावकाश आणलंस रे बाबा, एकालाही तडा नाही." तेव्हापासून ते सावकाश झाले ते झालेच. तरणे कामगार मागच्या सीटवरून ओरडायचे, "काका, गोगलगाय हॉर्न देतेय, साइड द्या!" काका आरशातून बघायचे आणि गिअर न बदलता म्हणायचे, "तिला घाई असेल. आपल्याला कामावर जायचंय."

घरात मात्र त्यांना या नावाने हाक मारायची हिंमत फक्त नातीत होती.

कारखाना बंद पडला, क्वार्टर्स पाडली गेली, आणि गाव म्हणून जे काही होतं ते चार दिशांना पांगलं. काका आणि काकू मुलाकडे राहायला आले. मुलगा भला, सून त्याहून भली, घर उजेडाचं. कुणाचं काही चुकत नव्हतं. पण काकांच्या मनात एक गोष्ट बारीक खड्यासारखी रुतून बसली होती. आपलं गाव आता आपल्या डोक्याबाहेर कुठेच नाही. आणि ज्या एका माणसाच्या डोक्यात ते अजून असणार, ते माणूस त्याबद्दल बोलायला तयार नाही.

ते माणूस म्हणजे काकू.

"आठवतं का गं," काका चहाचा कप खाली ठेवून सुरुवात करायचे, "पुलावरून सकाळी गाडी नेली की कारखान्याची चिमणी धुक्यात अर्धीच दिसायची."

"आठवतं."

"आणि आपल्या क्वार्टरच्या खिडक्या! कंपनीने नापास केलेल्या काचा बसवलेल्या सगळ्या. रस्ता कसा लाटांसारखा हलायचा त्यातून!"

"हलायचा," काकू म्हणायच्या आणि कप उचलून आत जायच्या. आत नळ सुटल्याचा आवाज यायचा. काकू नळ सोडला की लगेच हात खाली धरत नसत. क्षणभर धार बघत उभ्या राहायच्या. काकांनी हे पाहिलं होतं, पण त्यावर विचार केला नव्हता. बायकांचं काय, कशाकडेही बघत राहतात, असं समजून ते पुन्हा आपल्या पुलावर जाऊन उभे राहायचे.

आठवण दोघांनी काढली तर तिला रंग चढतो. एकट्याने काढली तर ती नुसती डोक्यात फिरत राहते, शेवटचा पॅसेंजर उतरल्यावर डेपोत परतणाऱ्या रिकाम्या गाडीसारखी.

नात पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी गेली तेव्हा तिची खोली आणि तिचा जुना कॉम्प्युटर मागे राहिला. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने काकांना खुर्चीत बसवलं आणि शहर उभारण्याचा एक खेळ लावून दिला. समोर हिरवं मोकळं रान, एक नदी, थोडे डोंगर. रस्ते टाकायचे, वीज-पाणी द्यायचं, की लोक आपोआप राहायला येतात, घरं बांधतात, गाड्या घेतात.

"यात काय करायचं मी?"

"तुमचं गाव बांधा, सावकाशकाका. मला लहानपणापासून ऐकवताय, एकदा दाखवा तरी."

काकांनी माऊस हातात घेतला तो दोन्ही हातांनी. नातीने एक हात सोडवला.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ झाला. रस्ता नदीत जाऊन बुडाला. विजेच्या तारा जोडायच्या राहिल्या आणि अख्खं गाव अंधारात बसलं. एकदा शाळेच्या जागी स्मशान पडलं, तेव्हा सून दारातून हसत म्हणाली, "बाबा, मुलांची फारच घाई केलीत." पण चुकत चुकत हात बसला. रोज दुपारी जेवणं झाली, काकू पडल्या, की काका चष्मा पुसून नातीच्या खोलीत जायचे. ड्युटीवर निघाल्यासारखे. पँट घालून. लेंग्यात गाडी काढायची सवय त्यांना नव्हती.

आणि रस्ता असा काही उतरला की विचारू नका. पुलानंतरचं हलकं डावं वळण, बाजारातला तो अरुंद भाग जिथे समोरून गाडी आली तर एकाने मागे जायचंच, शाळेपुढचा उतार, मग क्वार्टर्सचा चढ. चढाच्या पायथ्याशी ते आखूड वळण, जिथे दुसरा गिअर टाकायचा. काकांचा पाय टेबलाखाली आपोआप क्लच दाबायचा. त्या रस्त्याच्या कडेने त्यांनी एकेक घर, एकेक दुकान मांडलं: बाजारातला शिंपी, त्याच्या शेजारचं सायकलचं दुकान, पलीकडे दवाखाना. चढावर क्वार्टर्सची वरची ओळ, बैठी, सारखी, कौलारू. खेळात हुबेहूब तशी घरं मिळाली नाहीत, पण रंगावर भागलं.

संध्याकाळी फोनवर नातीने ते चित्र पाहिलं आणि खिदळली.

"आजोबा, हे गाव आहे की दोरी?"

"का? काय झालं?"

"अहो, एकच रस्ता, आणि त्याच्या दोन बाजूंना घरांची एकेक ओळ. मागे सगळं रान! घरांच्या मागे काहीच नाही?"

काकांनी चित्राकडे पुन्हा नीट बघितलं. खरंच काहीच नव्हतं. त्यांनी डोळे मिटून क्वार्टर्सच्या मागे जाऊन बघायचा प्रयत्न केला, तर बसची काच आड आली. जे पुढच्या काचेतून दिसलं ते नट-बोल्टांसकट आठवत होतं. जे दिसलं नाही, ते त्यांच्यापुरतं कधी नव्हतंच. सकाळी अंधारात ड्युटीवर जायचं, रात्री परतून जेवून झोपायचं. सुटीच्या दिवशी काय करत होतो? गाडी धूत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपल्या क्वार्टरच्या मागे काय होतं गं?"

काकू भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही. "मागे? मागे मागचं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पुढून यायचात आणि पुढून जायचात," काकू म्हणाल्या, आणि देठं उचलून कचऱ्यात टाकायला उठल्या.

त्या उत्तरात टोक होतं हे काकांना जाणवलं, पण कुठलं ते कळलं नाही. चुकलं असेल काहीतरी, असं म्हणून त्यांनी आपल्या परीने भरपाई करायला घेतली. गावाचे लाड सुरू केले. चढावर झाडं लावली. बाजारामागे बाग दिली. आणि क्वार्टर्सच्या वरच्या अंगाला एक मोठी पाण्याची टाकी उभी केली. ती टाकी खऱ्या गावात कधीच नव्हती. कंपनी बांधते बांधते म्हणत राहिली, एकदा तर खड्डाही खणला, त्यात पोरं लपाछपी खेळून मोठी झाली. काकांनी ती एका दुपारी बांधून टाकली. नळ्या जोडल्या. सगळ्या घरांत पाणी गेल्यावर त्यांना जरा साहेबासारखं वाटलं.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

दोन दिवसांनी बघतात तर शिंप्याच्या घरावर क्रेन. घर गायब, त्या जागी तीन मजले. मग सायकलवाला गेला. मग चढावरची क्वार्टर्स एकामागून एक कौलं टाकून वर निघाली. चार मजले, सहा मजले, काचेच्या गॅलऱ्या. काका पाडत होते, पुन्हा बैठी घरं मांडत होते, आणि ती पुन्हा वर येत होती. दूध उतू जायला लागलं की जसं कळत नाही कुठल्या बाजूने धरावं, तसं झालं. शेवटी कडेच्या घरावर, त्यांच्या स्वतःच्या क्वार्टरवर, क्रेन येऊन उभी राहिली. हे एकदा होऊन गेलं होतं. पुन्हा व्हायला नको होतं.

त्यांनी नातीला फोन लावला. आवाज असा, की पोरगी आधी घाबरली. "आजीला काही झालंय का?"

"आजी बरी आहे. गाव चाललंय."

सगळं ऐकून ती म्हणाली, "आजोबा, खेळ असाच आहे. लोक सुखात असले की घरं मोठी होतात. तुम्ही झाडं दिली, पाणी दिलं, मग वाढणारच की. जुनं तसंच ठेवायचं असेल तर थोडी गैरसोय ठेवा."

"म्हणजे काय करू?"

"काहीतरी काढून घ्या. पाणी बंद करा, सगळ्यात पटकन फरक पडतो."

काकांनी पाणी बंद केलं. सहा मजले पाडून पुन्हा बैठी ओळ मांडली, आणि या वेळी ती वर आली नाही. सगळी घरं गुमान जागच्या जागी बसली. त्यांच्यावर एकेक निळा थेंब लुकलुकायला लागला तेवढाच. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आपल्या रस्त्यावर सोडलेल्या एका बसवर क्लिक केलं. तसं केलं की त्या बसच्या मागोमाग चालता येतं. ते पुलावरून निघाले, बाजारातून, शाळेवरून, चढावर आले. सगळं होतं तसं. अगदी होतं तसं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमक्या त्याच वेळी काकू चहा घेऊन आत आल्या.

एरवी त्या कप ठेवून जायच्या. आज थांबल्या. स्क्रीनकडे वाकून बघितलं.

"ही आपली वरची ओळ ना?"

काकांना इतका आनंद झाला की ते खुर्चीतून अर्धे उठले. "ओळखलीस! हे आपलं, कडेचं. हा चढ. हे बघ वळण..."

"आणि हे निळे थेंब कसले घरांवर?"

"ते होय. पाणी नाहीये त्यांना."

"का? ही एवढी टाकी आहे की वर."

"मीच बंद केली. पाणी दिलं की घरं मोठी व्हायला लागतात. गाव जुनं ठेवायचं तर..." काकूंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि वाक्य तिथेच राहिलं.

काकूंनी कप टेबलावर ठेवला. सावकाश ठेवला, थेंबही सांडला नाही. म्हणूनच काका घाबरले.

"कंपनीने जन्मात बांधली नाही ती टाकी तुम्ही बांधलीत. आणि पुन्हा बंद केलीत? कशाला, तर तुम्हाला पुढच्या काचेतून गाव जुनं दिसावं म्हणून?"

"अगं, खेळ आहे हा. माणसं खोटी आहेत यातली."

"खोटी ना? मग कुणासाठी रोज पँट चढवून बसता इथे?"

काकांनी नकळत पँटची घडी सारखी केली.

"आठवतं का, आठवतं का म्हणता. तुमचा पूल, तुमचं धुकं, तुमच्या लाटा. मला काय आठवतं सांगू? दोन बादल्या. खालच्या नळावरून वरच्या ओळीपर्यंत. सकाळी दोनदा, पाहुणे आले की चारदा, पोर पोटात असताना पण. म्हणून मी बोलत नाही. तुम्ही इतकं छान काहीतरी बघत असता, त्यात माझ्या बादल्या कशाला आपटू?" त्या पदराने हात पुसत होत्या, हात कोरडेच होते. "एकदा हात केला होता मी तुम्हाला."

"मला? कुठे?"

"चढाच्या पायथ्याशी. नळाची वाट तिथेच रस्त्याला लागते ना. बादल्या खाली ठेवल्या आणि हात केला. म्हटलं, वरपर्यंत नेतील. रिकामी होती गाडी. तुम्ही बघितलंत सुद्धा. आणि गेलात."

काका आठवायला लागले. तो चढ त्यांना पाठ होता, वळणावरचा दगडसुद्धा पाठ होता. पण वळणावर हात वर करून उभी असलेली बाई त्यांना कुठेच सापडेना.

"तिथे स्टॉप नव्हता," अखेर ते इतकंच म्हणाले.

"नव्हताच. घरी आल्यावरही हेच म्हणालात. वर आणखी, चढावर गाडी थांबवली तर पुन्हा उचलत नाही म्हणालात." काकू हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "अंडीवालीच्या एका अंड्याला कधी तडा जाऊ दिला नाहीत."

त्या गेल्या. चहावर साय धरली.

काका पुन्हा त्या बैठ्या ओळीकडे वळले. थेंब लुकलुकत होते. मग त्यांनी टाकी सुरू केली. एकेक थेंब विझला. पहिली क्रेन आली तेव्हा त्यांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि क्वार्टर्सची वरची ओळ डोळ्यांदेखत जाऊ दिली. घर सोडताना ट्रकच्या केबिनमधून त्यांनी मागे वळून बघितलं नव्हतं. आज खुर्चीत बसून पूर्ण बघितलं. मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"पाणी सोडलंय," ते म्हणाले.

काकू ओट्याकडे तोंड करून होत्या. "बरं केलंत."

"घरं चाललीत सगळी."

"जाऊ दे. बायका दुपारी आडव्या तरी होतील."

"मागची वाट मला येत नाही," काका म्हणाले. "वळणापासून नळापर्यंत. मी कधी गेलोच नाही तिकडे. तू सांगितलीस तर टाकतो."

काकूंनी लगेच मान वळवली नाही. नळ सोडला, धार बघितली, बंद केला. "मला ते माऊसबिऊस जमायचं नाही."

"गाडी मी चालवतो. तू रस्ता सांग."

काकू नातीच्या पलंगाच्या कडेला बसल्या, आधी अगदी टोकावर, पाहुण्यासारख्या. पहिली दहा वाक्यं नुसती 'इथे नाही', 'तिथेही नाही' अशी गेली. मग त्या पुढे सरकल्या. मग स्क्रीनला बोट लावून सांगायला लागल्या आणि काचेवर बोटांचे ठसे उमटले. कारखान्याच्या भिंतीला खिंडार होतं, त्यातून वाट. कंपनी दरवर्षी बुजवायची आणि बायका महिन्याभरात पुन्हा पाडायच्या. वाटेच्या डाव्या अंगाला फुटक्या काचेचा ढीग, हिरव्या बाटल्यांचा. त्यावर ऊन पडलं की नळावरच्या सगळ्यांची तोंडं हिरवी दिसायची.

"सुपरवायझरची बायको म्हणायची, बघा गं, आपण सगळ्या कच्च्याच राहिलो."

"ती? ती तर कुणाशी बोलायची नाही!"

"तुमच्याशी बोलायची नाही. नळावर तिच्याइतकी चावट दुसरी नव्हती." काकू आता पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. "नळाशेजारी पसरट दगड. तुमच्या मुलाने पहिलं पाऊल टाकलं ते त्या दगडाला धरून. तुम्हाला मी सांगितलं होतं, घरात तुमच्यासमोर टाकलं तेच पहिलं म्हणून. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटायला नको."

काका थबकले. "घरात नव्हतं?"

"घरात ते दुसऱ्यांदा."

खेळात पसरट दगड नव्हता. काकांनी एक बाक ठेवला. भिंत होती, पण खिंडार पाडायची सोय नव्हती, म्हणून दोन भिंतींमध्ये फट सोडली. नळाच्या जागी लहानसं कारंजं मिळालं, ते बघून काकू म्हणाल्या, "एवढी धार असती तर काय हवं होतं!" ती वाट वळणापाशी येऊन रस्त्याला मिळाली, तोपर्यंत चढावर एकही बैठं घर उरलं नव्हतं. त्यांच्या क्वार्टरच्या जागी एक उंच इमारत उभी राहिली होती. काकूंनी बोटाने मजले मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

"आपण कुठेही गेलो तरी वरच," त्या म्हणाल्या.

"तुझ्या खिडकीची काच मात्र गेली. लाटांची."

"ती मला आवडायची," काकू म्हणाल्या. काकांनी चमकून बघितलं. "खरंच सांगते. बस वळणावर आली की त्या काचेत आधी वाकडी व्हायची, मग दोन व्हायच्या, मग पुन्हा एक. तेव्हा मी तवा टाकायची. आता हे येतात म्हणून." त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "हात केला त्या दिवशीही टाकलाच होता. रागाने टाकला, पण टाकला."

काकांनी स्क्रीनच्या खालची पट्टी उघडली आणि बस स्टॉपचं चित्र उचललं. माऊस वळणापाशी नेला. चढाचा पायथा, नळाची वाट रस्त्याला लागते ती जागा. क्षणभर हात थांबला. चढावर गाडी थांबवायची नाही, हे हातालाही पाठ होतं.

"इथे ना?"

"जरा पुढे. दगडाच्या अलीकडे. बादल्या ठेवायला सपाट जागा तिथेच होती."

त्यांनी स्टॉप जरा पुढे टाकला. मग ते दोघं बस यायची वाट बघत बसले. ती पुलावरून आली, बाजारातून आली, आणि बाजारात तिला इतका वेळ लागला की काकू म्हणाल्या, "इथेही तुम्हीच चालवताय वाटतं." शाळा गेली. वळण आलं. बस थांबली. कारंज्याच्या बाजूने तिळाएवढी माणसं चालत आली आणि एकेक करून आत गेली.

"उचलेल ना गाडी?" काकूंनी विचारलं.

काकांचा पाय टेबलाखाली क्लचवर होता. "घाई करू नकोस," ते म्हणाले. "सगळ्या बसल्या का बघ आधी."